नववीतली लेक, शाळेचं कन्फेशन पेज आणि घरातला फोन

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे. क्लासला एकटी जाते म्हणून सातवीच्या सुट्टीत फोन दिला. इन्स्टा आठवीत घेतलं, तेही आम्हाला विचारून. खातं प्रायव्हेट, मी तिच्या फॉलोअर्समध्ये. म्हणजे आमच्या परीने सगळं रीतसर.

डिसेंबरात गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या आणि आठवड्याभरात हिने नाव काढून घेतलं. नाचाची इतकी हौस असलेली पोर! मग शाळेत मास्क लावून जायला लागली. विचारलं तर सर्दी. डबा तसाच परत. रात्री खोलीत दिवा बंद, पण पांघरुणाच्या आत उजेड.

शेवटी तिच्या मावसबहिणीने मला दाखवलं. इन्स्टावर शाळेच्या नावाची आद्याक्षरं आणि पुढे 'कन्फेशन्स' असं एक पेज आहे. गूगल फॉर्मवर कुणीही निनावी काहीही लिहायचं, पेज चालवणारा ते स्टोरीला टाकतो. त्यात होतं : '९ ब मधली जी लावणीत आहे तिला कुणीतरी सांगा, आधी मिशी काढ मग नाच.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. नाव नाही, पण नववी ब मधून लावणीत एकच मुलगी होती.

नवऱ्याचं म्हणणं, फोन आजच काढून घ्यायचा. मलाही तेच वाटत होतं. तर लेक म्हणाली, "घे ना. पेज थोडीच बंद होणार आहे? सगळ्यांना दिसेल, फक्त मला दिसणार नाही. मग शाळेत कोण का हसतंय तेपण कळणार नाही मला."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या घरी काय केलंत? फोन काढून घेतल्याने खरंच मुलं सावरतात का? शाळेत गेले तर ती म्हणते, "मम्मी, तू आलीस तर मी शाळाच सोडेन."

---

सडेतोड_अण्णा

ताई, उत्तर नाही काय, उत्तर समोर आहे. फोन काढून घ्या. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी जेवेल. आमच्याकडे चिरंजीवांना दहावी होईपर्यंत फोन नाही म्हणजे नाही. त्याच्या आईला वाईट वाटतं, मला नाही वाटत. आपण पोरांचे मित्र व्हायला गेलो तिथेच सगळं बिघडलं. शाळेत पोरं चिडवायची ती आम्हालाही चिडवायची. मला तर 'डबल बॅटरी' म्हणायचे. काही झालं नाही.

---

टपरीवरचा_चहा

अण्णा, काही झालं नाही म्हणता आणि चाळीस वर्षांनी नाव अजून लक्षात आहे :)

आणि चिरंजीवांना फोन नाही हे ठीक, पण आजीच्या फोनची सर्च हिस्ट्री एकदा बघून घ्या. आमच्या आईला महिनाभर क्रिकेटच्या बॅटी आणि बीजीएमआय या मोबाइल गेमचे व्हिडिओ यायचे. ती बिचारी म्हणायची, हल्ली यूट्यूबवर कीर्तनं कमीच झालीत.

---

मनमोकळी

गोदाकाठची, मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे असे किस्से नेहमी येतात. कन्फेशन पेज हा प्रकार इंजिनीअरिंग कॉलेजांतून खाली शाळांत उतरलाय. सुरुवातीला 'अमुक मला आवडते' असं गोडगोड असतं. दोन महिन्यांत रंग, वजन, जात, कोणाचे बाबा काय करतात इथवर जातं. चालवणारा बहुतेक वेळा त्याच वर्गातला किंवा एक वर्ग पुढचा असतो.

आधी करायचं ते. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून मावसबहिणीने स्क्रीनशॉट घेतले असतील तर ते तारखेसह जपून ठेवा. पेजची तक्रार इन्स्टावरच 'बुलिंग' या खाली करा, आणि जमल्यास वेगवेगळ्या खात्यांवरून. शाळेत जाताना 'माझ्या मुलीबद्दल' म्हणून जाऊ नका. 'शाळेच्या नावाने असं पेज चालतंय, त्यात अनेक मुलामुलींबद्दल आहे' असं म्हणून जा, शक्यतो आणखी दोन पालकांना घेऊन. मग लेकीचं नाव पुढे येत नाही आणि शाळेलाही अंग काढून घेता येत नाही. उद्या फोटो मॉर्फ करणं किंवा धमकी असं काही निघालं, तर मात्र थेट सायबर पोलीस. मुलांसाठी १०९८ आहेच.

फोन काढून घेण्याबद्दल. तुमची लेक जे बोलली ते अगदी खरं आहे, आणि ती हे तुमच्याशी बोलली ही मोठी गोष्ट आहे. ज्या घरात 'सांगितलं की फोन जाणार' हे मुलांना माहीत असतं, तिथे मुलं सांगतच नाहीत. मग मला ते कळतं तेव्हा फार पुढे गेलेलं असतं. तेव्हा शिक्षा वाटेल असं काही आत्ता करू नका.

पण पांघरुणातला उजेड मात्र बंद व्हायला हवा. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांची तेवढी होते. चिडचिड, रडू येणं, अभ्यास डोक्यात न जाणं यातलं किती इन्स्टामुळे आणि किती नुसत्या जागरणामुळे हे मलाही वेगळं काढता येत नाही, म्हणून मी सुरुवात झोपेपासून करते. घरातले सगळे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचाही.

मास्क आणि डबा दोन आठवड्यांहून जास्त चालू राहिलं, किंवा 'मला जगायचंच नाही' असं काही कानावर आलं, तर वाट बघू नका. टेलिमानस १४४१६ ला कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

---

शेवटचा_बाक

मी अठरा वर्षांचा आहे, इथे बहुतेक सगळ्यात लहान. आई वाचते म्हणून खातं काढलं.

काकू, तुम्ही लोक लाइक्सबद्दल बोलता. लाइक्सचं आता कुणाला काही पडलेलं नाही. खरा त्रास कशाचा होतो सांगू? 'क्लोज फ्रेंड्स'चा. म्हणजे स्टोरी टाकताना ती फक्त निवडक लोकांना दाखवता येते, आणि ज्यांना दिसते त्यांना तिच्याभोवती हिरवं वर्तुळ दिसतं. अकरावीत माझ्या ग्रुपमधल्या चौघांच्या स्टोऱ्या मला दिसेनाशा झाल्या. वाटलं टाकतच नाहीत. मग एकाच्या फोनवर गाणं लावताना दिसलं, रोज तीन-तीन हिरवी वर्तुळं. मला कुणी काढलं, कधी काढलं, काहीच माहीत नाही. भांडणपण झालं नव्हतं. आणि विचारणार कसं? विचारलं की आपणच येडे ठरतो.

त्यामुळे 'फोनच नको' म्हणणाऱ्यांना एवढंच की फोन नसता तरी त्या चौघांनी मला बाहेर काढलंच असतं. पण रोज संध्याकाळी त्याचा पुरावा बघावा लागला नसता. दोन्ही खरं आहे.

आणि प्रत्येकाची दोन खाती असतात. आईवडील ज्या खात्याला फॉलो करतात त्यावर गणपती आणि ट्रिपचे फोटो. दुसरं वेगळं. सॉरी काकू.

---

गोदाकाठची

शेवटचा_बाक, सॉरी काय. डोळे उघडलेस. दुसऱ्या खात्याचं मी आज विचारणार नाही तिला. बघते.

मनमोकळी, स्क्रीनशॉट आहेत.

---

शंकासूर

नेहमीप्रमाणे मी मिठाचा खडा टाकायला आलोय. पेशाने आकडेमोड करतो, मुलं वाढवायचा अनुभव एका भाच्यापुरता.

'सोशल मीडियाने मुलांचं मानसिक आरोग्य बिघडलं' हे वाक्य जेवढ्या खात्रीने बोललं जातं तेवढी खात्री आकड्यांत नाही. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलांच्या स्वास्थ्यात जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग स्क्रीन वापराशी जोडता आला. त्याच माहितीत बटाटे खाण्याचा संबंधही साधारण तेवढाच निघाला. बटाट्यांवर अजून कुणी बंदी मागितलेली नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मला मेटाचा (फेसबुक-इन्स्टाची मालक कंपनी) पगारी म्हणाल. हा आकडा सरासरीचा आहे. दिवसभर चित्रकलेचे व्हिडिओ बघणारी आणि दिवसभर स्वतःवरच्या कुजक्या कॉमेंट वाचणारी, दोघींचे तास सारखेच मोजले जातात. याच ऑर्बेनबाईंनी २०२२ मध्ये ब्रिटनच्या मुलांवर पुन्हा काम केलं, तेव्हा वयाप्रमाणे फरक दिसला. मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलांमध्ये १४-१५ या वयात सोशल मीडियाचा वापर जास्त असेल तर वर्षभराने समाधान घटलेलं दिसलं. पुढे १९ च्या आसपास दोघांतही.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास वेगळाच आहे. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि मग एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने गेलं. म्हणजे काही कॉलेजांत आहे, काही कॉलेजांत अजून नाही, अशी आयती तुलना. ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन या तिघांनी ती जुन्या विद्यार्थी-आरोग्य पाहण्यांशी जोडून बघितली, 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये २०२२ ला छापून आलं. फेसबुक जिथे पोचलं तिथे विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य घसरलं, आणि कारण म्हणून पुढे आली ती इतरांशी तुलना. लक्षात घ्या, तेव्हा रील नव्हत्या, फिल्टर नव्हते, लाइकचं बटणही नव्हतं. ते २००९ चं. कुणी सेलिब्रिटीही नव्हते. होती ती आपल्याच कॉलेजची पोरं.

या धाग्यातले दोन्ही किस्से वाचा आता. दोन्हीकडे त्रास देणारं जग अनोळखी नाही, वर्गातलंच आहे.

---

सडेतोड_अण्णा

शंकासूर, बटाटे रात्री दोन वाजता पांघरुणात घेऊन कोणी बसत नाही. तुमचा अभ्यास ठेवा तुमच्यापाशी.

---

शंकासूर

अण्णा, हा मुद्दा त्या संशोधकांनाही आवडला असता. खरंच.

---

मनमोकळी

शंकासूर, सरासरीबद्दल सहमत, पण सरासरी घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही. येतं ते एकेक मूल.

आणि सगळाच त्रास ओळखीच्यांकडून येतो असंही नाही. लंडनची मॉली रसेल ही १४ वर्षांची मुलगी २०१७ मध्ये गेली. २०२२ मध्ये तिथल्या कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) निकालात नैराश्यासोबत ऑनलाइन मजकुराच्या दुष्परिणामांचा स्पष्ट उल्लेख केला. तिच्या शेवटच्या सहा महिन्यांत तिने लाइक, सेव्ह किंवा शेअर केलेल्या साधारण १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा आणि आत्महत्या या विषयांवरच्या होत्या. तिने शोधलं असेल थोडं, बाकीचं तिच्यापुढे येत राहिलं. रीलवर बोट थांबलं की तेवढ्यावरून पुढची ठरते. उदास मूल उदास रीलवर थांबणारच. माझ्याकडच्या एका मुलाने दाखवलं होतं, फीडमध्ये ओळीने बारा-चौदा रील, सगळ्या 'कुणालाच माझी किंमत नाही' या चालीवरच्या, मागे तेच रडकं गाणं. त्याला वाटत होतं जगात सगळेच असे आहेत. दोघांनी बसून एकेकीवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबलं, इन्स्टात सुचवण्या पुसून नव्याने सुरू करायची सोय आहे ती वापरली. तो औषधोपचार नव्हे, पण खोलीची खिडकी तरी उघडली.

आणि कंपन्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईने कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढली, त्यातल्या पाहणीत ३२ टक्के किशोरवयीन मुली म्हणाल्या होत्या की स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाने ते आणखी वाईट वाटतं. कंपनी म्हणते आकडे संदर्भ सोडून वापरले. असेल. पण विचारलं त्यांनीच होतं ना?

---

मेलबर्नकर

उशिरा येतोय, इकडे रात्र होती. आमच्याकडचा ताजा मसाला घ्या.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टा, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, ट्विच, किक अशी दहा नावं. मुलांना किंवा आईबापांना शिक्षा नाही, कंपनीने पुरेसे प्रयत्न केले नाहीत तर तिला दंड, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. जानेवारी २०२६ मध्ये इथल्या नियामकाने सांगितलं की सुमारे ४७ लाख खाती बंद केली किंवा हटवली.

आता घरचं. थोरली १४ ची. तिचं स्नॅपचॅट गेलं तेव्हा घरात सुतकच. तिची मैत्रीण चेहरा स्कॅन करून १८ ची ठरली, म्हणून तिचं शाबूत! व्हॉट्सअॅप आणि डिस्कॉर्ड बंदीत नाहीत, तर निम्मा वर्ग तिथे गेला. यूट्यूब खात्याशिवाय बघता येतंच. म्हणजे चाळणीने पाणी भरणं आहे असं म्हणणारे भरपूर आहेत, आणि एकटी पडलेली, गावाबाहेर राहणारी मुलं आधाराला मुकली अशीही तक्रार आहे. ती मला खोटी वाटत नाही.

पण एक गोष्ट बदलली. पूर्वी तिला नाही म्हटलं की 'सगळ्यांकडे आहे' हे ब्रह्मास्त्र यायचं. ते बोथट झालं. तिलाही मनातून सुटल्यासारखं वाटत असावं. स्नॅपचॅटच्या स्ट्रीक (मैत्रिणीशी सलग किती दिवस फोटोंची देवाणघेवाण झाली त्याची मोजणी) चालू ठेवायला ती सुट्टीत आजोळी, साताऱ्याला असतानाही रोज छताचा फोटो काढून पाठवायची. नुसता छताचा. सगळ्याजणी तेच करायच्या, दिवस तुटू नये म्हणून. आता कुणाचाच स्ट्रीक नाही, म्हणून कुणी काही गमावलेलं नाही. तिच्या एकटीचा बंद केला असता तर मी जल्लाद ठरलो असतो.

इथे व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत २०२० पासून फोन दिवसभर लॉकरमध्ये. त्यावर तेव्हाही बोंब झाली होती, आता कुणाला आठवतही नाही.

---

सडेतोड_अण्णा

बघा! सरकारने केलं की सुधारणा आणि बापाने केलं की हुकूमशाही. आपल्याकडे कधी?

---

शंकासूर

आपल्याकडे बंदी नाही, पण डिजिटल विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. त्यात १८ खालचं प्रत्येक जण मूल, पालकांची पडताळलेली संमती लागणार, मुलांचा माग काढून जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, हा भाग लागू व्हायला दीड वर्षाची मुदत. इन्स्टाची 'टीन अकाउंट्स' भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आहेत. खातं आपोआप प्रायव्हेट, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद, १६ खालच्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी. अर्थात हे जन्मसाल खरं टाकलं तर. माझा भाचा इन्स्टावर २००१ चा आहे. मिसरूड फुटायच्या आत पंचविशीत पोचलाय.

---

शेवटचा_बाक

२००१ नाही, सगळे २००० टाकतात. स्क्रोल करताना लगेच सापडतं.

---

उसाच्या_फडातून

सांगली जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. शहरातली चर्चा वाचून गंमत वाटली, कारण इन्स्टा फक्त शहरात आहे असं दिसतंय सगळ्यांना. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांत आदल्या आठवड्यात स्मार्टफोनवर अभ्यासाचं काही केलेली ५७ टक्के, सोशल मीडिया वापरलेली ७६. आणि फोन आला कसा हे विसरू नका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्हीच दारोदार जाऊन सांगत होतो, पोराला फोन घ्या, तास बुडेल. कुणी शेळी विकून फोन घेतला. टिकटॉकवर त्याच वर्षी जूनअखेर बंदी आली आणि जुलैत रील आल्या. शाळा उघडल्या, फोन काही परत गेला नाही.

आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. नाव ऐकलं असेल. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, की टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामसभेत ठरवून घेतलं. आधी लोक हसले. मग शिक्षक, आशाताई, अंगणवाडीसेविका घरोघर फिरल्या. त्या दीड तासात पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं ओट्यावर.

आम्हीही आमच्या गावात करून बघितलं. पोरांनी ऐकलं हो. ऐकलं नाही ते आयाबायांनी आणि आम्ही पुरुषांनी. साताच्या मालिका आणि आयपीएल. भोंगा वाजला की पोरगं पुस्तक घ्यायचं आणि शेजारी बाप आवाज बारीक करून मॅच बघायचा. एका पोराने वर्गात विचारलं, "सर, भोंगा फक्त आम्हालाच ऐकू येतो का?" महिन्याभरात बारगळलं. पुन्हा करायचं तर आधी ग्रामसभेत मोठ्यांचं ठरवायला हवं.

मोबाइल वाईट म्हणून नाही सांगत. आमच्याकडची एक मुलगी यूट्यूबवर बघून कुस्तीचे डाव पक्के करते, तालमीत मुलींना शिकवायला कोणी नव्हतं. तिचा फोन काढून घ्यावा असं मला कधीच वाटणार नाही.

---

टपरीवरचा_चहा

"सर, भोंगा फक्त आम्हालाच ऐकू येतो का?" या पोराला माझ्यातर्फे एक कटिंग.

अवांतर : धागा उघडून पाऊण तास झाला, बायकोने आत्ता विचारलं, स्क्रीन टाइमवर किती वेळ वाचतोयस.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. थोडं सांगते काय झालं ते.

परवा रात्री तिच्याशी बोलले. फोनचा विषय काढला नाही, नुसती शेजारी पडून राहिले. बराच वेळ काही नाही, मग ती म्हणाली, पेजवर कोण बोललं त्यापेक्षा हसलं कोण ते जास्त लागलं. हसऱ्या चेहऱ्यांत तिची बालवाडीपासूनची मैत्रीण होती. मला वाटत होतं ओठावरच्या लवेचा प्रश्न आहे, पार्लरला जाऊ म्हणणार होते. बरं झालं बोलले नाही.

शाळेत आम्ही चार पालक मिळून गेलो. बाकी तिघांच्या मुलांबद्दलही तिथे होतं, आणि एका आईला तर आमच्याकडूनच कळलं. मुख्याध्यापिका आधी म्हणाल्या, 'शाळेबाहेरचा विषय आहे.' मग पेजवर शाळेचं नाव आणि बोधचिन्ह दाखवलं, तेव्हा लगेच शाळेच्या आतला झाला. दोन दिवसांनी पेज दिसेनासं झालं. दुसरं निघेल, मला भ्रम नाही.

घरी नवऱ्याशी बोलून ठरवलं, तिचा एकटीचा फोन काढायचा नाही. साडेनऊनंतर तिघांचे फोन शूजच्या कपाटावर. पहिल्या रात्री सगळ्यात जास्त येरझाऱ्या कोणी घातल्या ते सांगत नाही, तो इथे वाचतो.

मेलबर्नकर आणि सर, तुमचं वाचून मात्र एक डोक्यात आलं. ऑस्ट्रेलिया आणि वडगाव आम्हाला जमणार नाही, पण नववी ब च्या बेचाळीस घरांचं जमेल का? सगळ्यांनी मिळून ठरवायचं, रात्री साडेनऊनंतर मुलांचे फोन बाहेर. म्हणजे कुणाचंच मूल रात्री ग्रुपमधून 'बाहेर' राहणार नाही, कारण आत कुणीच नाही. मेसेज लिहून ठेवलाय, पाठवायची हिंमत होत नाहीये. पालकांच्या ग्रुपवर 'आम्ही आमच्या मुलांवर विश्वास ठेवतो' असं लिहिणारे दोघे-तिघे असतातच.

---

मेलबर्नकर

बेचाळीस कशाला? लेकीच्या आठ-दहा मैत्रिणींच्या घरांपासून सुरू करा. स्ट्रीक तेवढ्यांतच असतात.

---

शेवटचा_बाक

काकू, मुलांना न विचारता ठरवलंत तर पहिल्या दिवशी दुसरा ग्रुप निघेल. आधी त्यांच्यातल्या दोन-तीन जणांना वेळ ठरवू द्या. ते कदाचित दहा म्हणतील. दहाच घ्या. आणि शनिवारी सूट द्या, नाहीतर कुणी पाळणार नाही. मी तरी नसतं पाळलं.

---

सडेतोड_अण्णा

ताई, तुमचा मेसेज मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या सोसायटीत टाकतो. फक्त दहावीच्या पोरांचं काय? आमच्याकडे क्लासच रात्री नऊला सुटतो, आणि गणिताचे सर शंका व्हॉट्सअॅपवर घेतात, अकरापर्यंत.

(आणि हो, मातोश्रींचा फोन बघितला. यावर अधिक बोलणार नाही.)

---

उसाच्या_फडातून

अण्णा, मग आधी त्या सरांना गाठा. शाळा आणि क्लासच रात्री दहाला ग्रुपवर गृहपाठ टाकत असतील तर पोराने फोन ठेवायचा कुठे? आमच्या शाळेत आता दोन गोष्टी ठरल्यात. गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून द्यायचा, आणि ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर संध्याकाळी सहाच्या आत, तेही फक्त शिक्षक लिहू शकतील असं सेटिंग करून. दोन शिक्षकांनी कुरकुर केली, कारण त्यांनाही रात्रीच वेळ मिळतो. गोदाकाठची ताई, मुख्याध्यापिकांकडे पुन्हा जाणारच असाल तर पहिलं हे मागून घ्या. ते मिळालं की बेचाळीस घरांना मेसेज पाठवणं सोपं जाईल.

---

गोदाकाठची

सर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कालचा विज्ञानाचा प्रकल्प ९:४७ ला आलाय ग्रुपवर. सोमवारी जाते. अण्णा, व्यनि केलाय, वेळ साडेनऊच्या जागी दहा वाचा.